चुनखडीचं सिमेंट आणि आम्ही पाच जण

नोकरीत असताना किस्से नसतात. असतात त्या कटकटी! साहेब ओरडतो, जीप बंद पडते, रिझल्ट चुकतो, आणि आपण घरी येऊन न जेवता झोपतो. पुढं पंचवीस-तीस वर्षांनी त्याच कटकटी किस्से होऊन परत येतात. आणि एक आला की त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतोच.

परवा सांगलीला मोहित्यांच्या नातीचं लग्न होतं. आमच्या जुन्या लॅबमधले आम्ही चौघं एका कोपऱ्यात बसलो. पंगत उठली, दुसरी बसली, तीही उठली, तरी आमचं संपेना. शेवटी मांडववाला येऊन म्हणाला, "आजोबा, खुर्च्या गाडीत भरायच्यात. ऱ्हायलेलं उभ्यानं बोलला तर चालंल का?"

तर ते राहिलेलं आता इथं बसून सांगतो.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. दुष्काळ सरला होता, कालवे, पूल, रस्ते अशी सगळी कामं निघाली होती, आणि सिमेंट मात्र मिळत नव्हतं. परमिटशिवाय एक पोतं हलायचं नाही. तेव्हा आमच्या खात्यात कुणीतरी डोकं चालवलं. चुनखडीचा दगड पिठासारखा बारीक दळायचा, तो ठरल्या प्रमाणात सिमेंटमध्ये मिसळायचा आणि लहान लहान कामांवर वापरून बघायचा. कागदावर त्याचं नाव 'मिश्र सिमेंट'. ते टिकतं की नाही हे बघायचं काम आमच्या साताऱ्याच्या लॅबकडं आलं. प्रत्येक कामावरनं काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे क्यूब यायचे. ते पाण्यात ठेवायचे आणि चार आठवड्यांनी मशीनमध्ये दाबून फोडायचे. किती वजनाला फुटला, त्यावर काँक्रीटचा पास-नापास.

आम्ही पाच जण. पाटणकर साहेब, लॅबचे प्रमुख, अत्यंत सरळ माणूस. वाघमारे बाई केमिस्ट. मेढ्याच्या वरच्या अंगाच्या एका गावातनं शिकून आलेल्या, त्यांच्या घरातल्या पहिल्या बी.एस्सी. मशीनवर मोहिते, मिलिटरीतून रिटायर होऊन आलेले. क्यूब फुटला की ते टाचा जुळवून त्याला सॅल्यूट करायचे! जीपवर मुल्लाचाचा. आणि मी शिंदे, ज्युनिअर इंजिनिअर, म्हणजे कुणाच्याही अंगावर येईल ते काम करायला.

* * *

पहिलं काम कोरेगावच्या बाजूला, ओढ्यावरची एक मोरी. आम्ही पोती उतरवतोय तोवर सरपंच चार माणसं घेऊन आले.

"सायेब, ह्यात चुनखडी घातलीय म्हणं?"

"हो. शास्त्रीय प्रयोग आहे," पाटणकर साहेब म्हणाले.

"गवळ्यानं दुधात पानी घातलं की तुमी त्याला धरता. आन् सरकारनं सिमिटात दगड घातला की त्यो प्रयोग व्हय?"

साहेब चष्मा पुसायला लागले. मोहित्यांना वाटलं, आता आपणच मोर्चा सांभाळायचा.

"आवं सरपंच," मोहिते पुढं झाले, "थालपिटाच्या भाजणीत किती जिन्नस असत्यात? ज्वारी, बाजरी, हरभरा, उडीद, धनं. त्याला कुणी भेसळ म्हनतं का? उलट लय ग्वाड लागतं!"

माणसं हसली. आम्हाला वाटलं, जिंकलो. सरपंचांनी मिशीवरनं हात फिरवला.

"बराबर हाय पावनं. पन थालपीठ खायाचं असतंय. त्याच्यावरनं उसाची गाडी न्हाई न्ह्यायची!"

* * *

ह्या सिमेंटचा खरा त्रास वेगळाच होता. आज एक, उद्या एक! एका आठवड्याचे क्यूब असे घट्ट की मशीन कण्हायचं. पुढच्या आठवड्याचे, तेच प्रमाण, तेच पाणी, तीच वाळू, आणि मशीनचा हात लागतोय न लागतोय तोच ढेकूळ व्हायचे. साहेबांना झोप लागेना. मशीन तपासलं, वजनकाटा तपासला, मोहित्यांना चष्म्याचा नंबर काढायला पाठवलं.

शेवटी वाघमारे बाई म्हणाल्या, "साहेब, आपण सगळं आपल्याकडचंच तपासतोय. दगड दळतो तिथं कुणी गेलंय का?"

गिरणी सांगलीच्या बाहेर होती. बाई आणि मी गेलो. पोचलो तर अंगणात दोन ढीग. एक पांढराशुभ्र, एक पिवळट. बाईंनी पिवळा खडा उचलला, बोटांनी चुरला, थोडं पाणी लावलं. बोटाला चक्क माती लागली! ओल्या मातीचा वाससुद्धा आला.

"शेठ, हे पण दळता का आमच्यात?"

गिरणीचे शेठ मोठे भाविक. कपाळाला टिळा, पुढ्यात चहाची बशी. "बाई, डोंगर एकच हाय. वरच्या अंगाला पांढरा लागतो, खालच्या अंगाला पिवळा. देवानं जसं मिक्स केलंय तसंच आम्ही देतो. आपण कोण त्यात निवड करणार?"

बाईंनी खडा त्यांच्या बशीशेजारी ठेवला.

"मग सर्टिफिकेट पण देवाकडनंच घ्या."

त्या महिन्यापासून पिवळा ढीग बंद झाला. क्यूबही जरा माणसात आले.

* * *

एकदा वरनं एक मोठे साहेब तपासणीला आले. त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं की सिमेंटात दगडाची पूड मिसळली असेल तर त्यावर ॲसिड टाकायचं. फसफसलं की भेसळ पकडली! त्यांना कधीपासून कुणाला तरी पकडायचं होतं.

आले ते थेट पोत्यापाशी. चिमूटभर सिमेंट बशीत घेतलं, टेबलावरनं ॲसिडची बाटली उचलली आणि थेंब टाकला. फस्स! फेसच फेस!

"भेसळ!" साहेब ओरडले.

"सर, ते त्यात..." पाटणकर साहेबांनी सुरुवात केली.

"मध्ये बोलू नका! माझ्या डोळ्यांसमोर चाललंय हे!"

"सर, पण आपणच..."

"पाटणकर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती!"

वाघमारे बाईंनी तोंड उघडलं, तर त्यांनाही हातानंच गप्प केलं. साहेब ती बाटली हातात घेऊन हातवारे करत होते. बाटली हिंदकळली आणि चार थेंब खाली पडले. आमच्या लॅबला शहाबादी फरशी होती. आणि शहाबादी म्हणजे काय? चुनखडीच! साहेबांच्या बुटापाशी फरशी फसाफसा फेसाळायला लागली.

मोहिते ताडकन अटेन्शनमध्ये आले.

"साब! फरशीत बी भेसळ हाय, साब!"

मोठ्या साहेबांनी फरशीकडं बघितलं, बशीकडं बघितलं, बाटली हळूच टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "चहा मिळेल का?"

* * *

जतला जायचं म्हणजे मुल्लाचाचा आदल्या दिवशीच जीपमध्ये दोन जास्तीचे पाण्याचे कॅन बांधायचे. "इंजन को एक, इन्सान को एक," म्हणायचे.

तिथं एका नाल्यावर स्लॅब टाकला होता, मिश्र सिमेंटचाच. काँक्रीट टाकल्यावर ते बरेच दिवस ओलं ठेवावं लागतं, नाहीतर तडकतं. हे आमचं सिमेंट तर पाण्याला अगदी हावरं. म्हणून स्लॅबवर मातीची आळी करून त्यात पाणी साठवलं होतं. टँकर यायचा, आळी भरायचा, जायचा.

आम्ही बघायला गेलो, तर आळी कोरडी. मातीवर सगळीकडं बारीक खुरांचे ठसे. आणि शेजारी बाभळीखाली एक धनगर, बिराप्पा, आणि त्याची मेंढरं. सगळी पोटभर पाणी पिऊन रवंथ करत बसलेली!

"हे काय केलंस?" मी तापलो. "सरकारी पाणी मेंढरांना पाजलंस?"

"हौदु," बिराप्पा म्हणाला. म्हणजे कानडीत 'व्हय'. उठलासुद्धा नाही. "सायेब, तुमी दगडाला पानी पाजताय. ती तर जित्ती हायत. येक सांगा, दगड मरतूय का पान्याबिगर?"

मी काहीतरी कडक बोलणार होतो. पण पाटणकर साहेब मेंढरांकडं बघत उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, "वस्तीला टँकर येतो का?"

"दगडाला येतूय. वस्तीला न्हाई."

साहेबांनी तिथंच ठरवलं. टँकर आधी वस्तीवर रिकामा व्हायचा, उरलं तर स्लॅबला. मुल्लाचाचांनी जीपमधली सगळी गोणपाटं काढून दिली. साहेब बिराप्पाला म्हणाले, "हे गोणपाट अंथर आणि जमेल तसं ओलं ठेव. नाही जमलं तर नाही. पण तडकला तर पुढच्या पावसात तुझीच मेंढरं अलीकडं अडकतील." तपासणीचे क्यूबही तिथंच स्लॅबवर गोणपाटाखाली ठेवले. परत येताना साहेब म्हणाले, "शिंदे, हा स्लॅब गेला असं समजा."

चार आठवड्यांनी क्यूब आले. मोहित्यांनी मशीन चालू केलं. काटा चढतोय, चढतोय, थांबायचं नाव नाही. त्या वर्षीचा सगळ्यात चांगला रिझल्ट! साहेब खुर्चीतनं उठले. "चला जतला! ह्या माणसानं एवढं पाणी आणलं कुठून?"

गेलो. बिराप्पा तिथंच होता. स्लॅब एकदम घट्ट, केसाएवढासुद्धा तडा नाही. साहेबांनी त्याचा हात हातात घेतला. "बिराप्पा, पाणी कुठलं वापरलंस?"

"पानी?" बिराप्पानं आमच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "पानी कुटलं सायेब ह्या मुलखात? रोज कळप बशिवला की वर. गोनपाट कवाच सुकलं न्हाई!"

साहेबांनी हात हळूच सोडवून घेतला. रिपोर्टमध्ये 'काँक्रीट ओलं ठेवण्याची पद्धत' असा एक रकाना असतो. साहेबांनी बराच वेळ विचार केला आणि लिहिलं, 'स्थानिक.'

* * *

एक पुढारी लॅब बघायला आले. त्यांना क्यूब फुटताना बघायचा होता. मोहित्यांनी मुद्दाम सगळ्यात चांगल्या कामाचा क्यूब निवडला. पण तो इतका चांगला निघाला की फुटेचना. पुढारी घड्याळ बघायला लागले, कार्यकर्ते जांभया द्यायला लागले. मोहिते मशीनवर वाकून क्यूबला म्हणताना मी ऐकलं, "फूट रं गड्या आता, सायबांची गाडी उभी हाय!"

आणि ठ्ठो! असा आवाज झाला की एक कार्यकर्ता टेबलाखाली गेला. आम्ही सगळे आनंदानं बघायला लागलो.

पुढारी म्हणाले, "फुटला! म्हणजे कच्चा होता."

"नाही साहेब," पाटणकर साहेब उत्साहानं म्हणाले, "अत्यंत मजबूत होता. म्हणून तर एवढा मोठा आवाज झाला!"

"मजबूत होता, तर फुटला कसा?"

साहेबांनी त्यांना पंधरा-वीस मिनिटं समजावून सांगितलं. जाताना पुढारी माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "माणूस चांगला आहे तुमचा साहेब. पण पुढच्या वेळी न फुटणारा दाखवा!"

* * *

हा लहानसा आहे, पण बाईंना आम्ही अजून ह्याच नावानं चिडवतो.

एक बडा ठेकेदार स्वतः लॅबमध्ये आला. त्याच्या कामाचे क्यूब नापास झाले होते. पांढरे कपडे, अत्तर, मागं दोन माणसं. टेबलापाशी वाघमारे बाई बसलेल्या.

"साहेब कुठायत?"

"साइटवर. काय काम होतं?"

"रिपोर्टवर सही कुणाची असते?"

"माझी."

त्यानं बाईंना वरपासून खालपर्यंत बघितलं. टेबलावरची पाटी वाचली. मग हसत, पण जरा लांबूनच विचारलं, "वाघमारे म्हणजे... कुठल्या वाघमारे म्हणायच्या तुम्ही?"

त्याला काय विचारायचंय ते आम्हा सगळ्यांना कळलं होतं. मोहिते मशीन बंद करून उभे राहिले.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं.

"फेल करणाऱ्या."

* * *

महाबळेश्वरचा पाऊस ज्यानं बघितला नाही त्याला सांगून कळायचं नाही. तिथं कपाटातले कपडे घालायच्या आधी विस्तवावर शेकवावे लागतात. अशा ठिकाणी आमच्या खात्यानं पावसाळ्याच्या तोंडावर मिश्र सिमेंटची पोती पाठवली! घाटातल्या एका वळणावर रस्त्याची कड खचत होती, तिथं आधाराची भिंत बांधायची होती.

तिथले ओव्हरसिअर माने म्हणजे नाकासमोर बघून चालणारा माणूस. त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये पोती रचून ठेवली. पाऊस सुरू झाला. गवंडी खाली गेले ते अडकलेच. शेडमध्ये खालून ओल, वरून ओल, मधून धुकं. थोड्याच दिवसांत पोत्यांना हात लावला तर दगड! आत सिमेंट पोत्यासकट घट्ट झालेलं.

इकडं वळण रोज थोडं थोडं खचतंय. त्याच वळणावरनं भाजीच्या गाड्या, टॅक्स्या आणि एस.टी. जायची. मान्यांनी साताऱ्याला ट्रंक कॉल लावला, लाइन मिळाली नाही. माणूस पाठवावा, तर घाट बंद व्हायच्या बेतात.

पाऊस जरा उघडल्यावर एका टॅक्सीवाल्याबरोबर पोत्यांचा दगड झाल्याची मान्यांची चिठ्ठी आली, आणि पाटणकर साहेबांना घेऊन आम्ही वर गेलो. मुल्लाचाचा सगळा घाट खिडकीतनं डोकं बाहेर काढून गाडी चालवत होते. "रास्ता दिखता नहीं साब, सुंघके चला रहा हूँ." साहेब मनातल्या मनात मेमोचा मजकूर जुळवत होते, सगळं सिमेंट वाया घालवलं म्हणून माने आता गेलेच!

वळणावर पोचलो, तर भिंत उभी! छातीएवढी उंच, जाडजूड, आणि वळण शाबूत. एस.टी. आमच्यासमोर सुखरूप निघून गेली.

"माने! अहो, एवढ्या पावसात काँक्रीट केलंत?" साहेब आनंदानं पुढं झाले. "प्रमाण काय धरलं?"

मान्यांनी छत्री बाजूला केली.

"एकास एक, साहेब."

"एकास एक? एवढं सिमेंट?"

"पोत्यास पोतं. एकावर एक."

साहेबांनी जवळ जाऊन बघितलं. भिंतीच्या प्रत्येक दगडाला पोत्याची शिवण होती!

* * *

आता हा शेवटचा.

मेढ्याच्या पलीकडं डोंगरात एक वाडी होती. मध्ये ओढा. पावसाळ्यात ओढा चढला की वाडी तुटायची. बाजार नाही, शाळा नाही, डॉक्टर नाही. आदल्याच पावसाळ्यात सापानं चावलेला एक तरणा गडी वाडीकडच्या काठावर बसूनच गेला होता. पाणी उतरायची वाट बघत. त्याची आई, सोनाबाई, ओढ्याच्या काठालाच राहायची. सत्तरीची असेल. सगळा जन्म ओढ्यातनं जळणाच्या मोळ्या नि धान्याच्या पाट्या डोक्यावरनं वाहून म्हातारी कमरेत अशी वाकली होती की बोलताना तिला मान तिरकी करून वर बघावं लागे.

वाडीला पूल मंजूर झाला, आमच्या मिश्र सिमेंटचा. स्लॅब टाकून झाला, आणि नंतर त्याचे क्यूब लॅबला आले. मोहित्यांनी पहिला लावला. फुटला, लवकर. दुसरा, तसाच. तिसऱ्याला मोहित्यांनी सॅल्यूटसुद्धा केला नाही.

वाघमारे बाईंनी आकडे तीनदा तपासले. नापास. मग त्यांनी क्यूब आणणाऱ्या मुकादमाला धरलं. कबूल झाला: स्लॅबला माणसांनी रोज पाणी घातलं, क्यूब मात्र वर खडकावर उन्हातच पडले होते. म्हणजे स्लॅब कदाचित चांगला असेल. कदाचित! त्या एका शब्दावर पूल पास कसा करायचा? आणि नापास केला तर तो फोडायचा, आणि पावसाळा तोंडावर. वाडी आणखी एक वर्ष तुटणार.

"वजन ठेवून बघू," पाटणकर साहेब म्हणाले. "पुलालाच विचारू."

म्हणजे वाळूची पोती भरायची, पुलावर रचायची, ठरलेलं वजन एक दिवस ठेवायचं, आणि खाली स्लॅबला घड्याळासारखा काटा असलेलं यंत्र लावून स्लॅब किती वाकतो ते मोजायचं.

आम्ही पोचलो तर सगळी वाडी पोती भरायला उतरलेली. 'सायेब पूल फोडायला आल्यात' असं कुणीतरी उठवलं होतं, त्यामुळं कुणी आमच्याशी बोलेना, पण पोती मात्र ठासून भरत होते. साहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि यंत्राचा काटा वाचायला स्वतः पुलाखाली जाऊन बसले.

"साहेब, मी बसतो की," मी म्हणालो.

"नको. पडला तर माझ्या सहीनं पडू दे."

त्यावर वाघमारे बाई उतरल्या. "रिझल्टवर सही माझी आहे, साहेब. सरका."

मोहिते वर पोती मोजत होते. त्यांनी खाली वाकून बघितलं. "अफसर खाली आन् जवान वर? आमच्या पलटनीत असलं कवा चाललं न्हाई!" तेही आले. मुल्लाचाचा म्हणाले, "मैं अकेला जीप लेके किधर जाऊंगा?" आणि आले. मग मी तरी वर कसा राहणार?

पाच जण पुलाखाली, घोटाभर पाण्यात. डोक्यावर धप्प, धप्प अशी पोती पडताहेत. काटा हलतोय. मध्येच पाटणकर साहेबांच्या टकलावर एक थेंब पडला. सगळ्यांनी श्वास रोखला. दुसरा थेंब. साहेबांनी डोळे मिटले. वरनं कुणीतरी ओरडलं, "भ्या नगा सायेब, पोती वलीच भरल्यात!"

सगळी पोती चढली. काटा थांबला. पूल वाकला होता, पण बेतानं. आम्ही त्या दिवशी वाडीतच राहिलो. दुसऱ्या दिवशी पोती उतरवायला सुरुवात झाली, आणि साहेब पुन्हा खाली. आता तर त्यांचा चेहरा कालच्यापेक्षा जास्त ताणलेला. सोनाबाई काठावर पाटी घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "आवं सायेब, वज्जं तर पेललं की. आता कशाचा घोर लागलाय?"

"आजी, खरी परीक्षा आत्ता आहे," साहेब काट्यावरची नजर न हलवता म्हणाले. "वजनानं वाकलं तर वाकू दे. पण वजन उतरल्यावर परत सरळ व्हायला पाहिजे. वाकून तसाच राहिला, तर नापास."

शेवटचं पोतं उतरलं. काटा हळूहळू मागं आला. जवळजवळ होता तिथंच! वाघमारे बाईंनी आकडा वाचला, पुन्हा वाचला आणि एकदम खळखळून हसल्या. मोहित्यांनी पुलाला कडक सॅल्यूट ठोकला. वाडीतल्या पोरांनी बोंबा मारल्या. पाटणकर साहेब ओल्या पँटनं वर आले आणि सोनाबाईसमोर उभे राहून म्हणाले, "आजी, पास!"

म्हातारीनं मान तिरकी करून आधी पुलाकडं बघितलं, मग साहेबांकडं.

"म्हंजी वज्जं उतरल्यावर त्यो सरळ झाला."

"झाला."

"मग लिवा सायेब," सोनाबाईनं पाटी उचलून डोक्यावर घेतली. "पूल पास. म्हातारी नापास!"

आणि ती पुलावरनं पलीकडं चालत गेली.